धरायला काहीतरी

सोहारच्या किनाऱ्यापासून दोन गल्ल्या आत
आमची नर्सरी. पिवळं फाटक, निळी घसरगुंडी,
मे महिन्यात सकाळी आठनंतर
तिला हात लावायची सोय नाही.

रविवारी, म्हणजे इथल्या सोमवारी,
मॅडमनी आत बोलावलं.
"जॉसलिनच्या कपड्यांचं तुम्हीच बघा,
तुम्ही वयानं मोठ्या."
मोठी, म्हणजे बावन्न पूर्ण,
सैल कुडता, ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना,
एकोणीस वर्षं या गावात
गळ्याशी हात ठेवून काढलेली.

तक्रार एका बापाची.
"फार घट्ट," त्यानं लिहिलंय, "मुलांसमोर शोभत नाही."
दुपारी एकला तो गाडी चालूच ठेवून उतरतो,
मुलाची पाण्याची बाटली रोज विसरतो.
एवढं मात्र त्याच्या बरोब्बर लक्षात राहिलं.

खोटं कशाला बोलू?
पहिल्या दिवशी मीही पाहिलं होतं.
काळी लेगिंग, आखूड टीशर्ट,
हात वर केला की बोटभर कंबर.
मनात आलं, अगं बाई, इथे?
मग अझ्झान आला.
अडीच वर्षांचा, आईची गाडी वळताच
भोंगा लावणारा.
माझ्याकडे आला की ओढणीचं टोक मुठीत घेतो,
तेवढ्यावर त्याची सकाळ निभते.
त्या दिवशी तिला बिलगला
आणि त्याचा हात घसरतच राहिला
मांडीवरून, पोटरीवरून, गुळगुळीत,
धरायला काही सापडेचना.
मला वाटलं, हेच सांगावं तिला.
लाजेचं काही नको,
पोरांना धरायला काहीतरी लागतं.

पण त्याच आठवड्यात
तोच अझ्झान घसरगुंडीच्या माथ्यावर अडकला,
खाली तापलेला पत्रा, मागे रांगेतली रेटारेटी.
मी धावले आणि माझी ओढणी
पायरीच्या खिळ्याला.
पीन उसकटली, खांदा ओरबाडला,
मी तिथेच, बांधलेल्या गाईसारखी.
जॉसलिन तीन ढांगांत वर.
खाली आली तेव्हा तो तिच्या कानाला धरून होता.

तर, झोपेच्या तासाला
गाद्या घालता घालता मी विषय काढला.
ती रागावली नाही. एवढंच म्हणाली,
"दीदी, त्याच्या बुटाची नाडी बांधून दाखवा."
मी वाकले. गळा सुटला,
सैल गळा, कितीही चांगल्या शिंप्याचा असो,
वाकलं की खाली येतोच.
एक हात छातीशी दाबून
दुसऱ्या हाताने मी नाडी बांधायला बघत होते,
आणि लक्षात आलं,
एकोणीस वर्षं मी सगळ्या नाड्या
एकाच हाताने बांधत आलेय.

हसलो दोघी. आधी ती, मग मी,
मग तोंडावर हात, मुलं झोपलेली.

गुरुवारी सुकातल्या कुंजाली शिंप्याकडे गेलो.
मला बंद गळा हवा होता, तिला लांब टीशर्ट,
वरून दोघींना एकेक एप्रन,
समोर मोठा खिसा, जाड शिवणीचा.
"कुणाला लटकायचंय का याला?"
त्यानं टेप गळ्यात टाकत विचारलं.
आम्ही हो म्हटलं.
एप्रन भयंकर दिसतो. खाटकासारखा.
जॉसलिन वैतागते, उकडतं म्हणते,
आणि मला अजून ठरवता येत नाही
की मी तिची बाजू घेतली की मॅडमची.
ती हात वर करते तेव्हा
माझी नजर अजून एकदा तिकडे जाते.
सवय. ती कुठल्या शिंप्याकडे द्यायची?

मॅडमच्या कागदावर मी लिहिलं, "बोलले."
काय बोलले, त्याला रकाना नव्हता.

दुपारी एकला गाडी आली, चालूच राहिली.
तो फाटकातून आत बघत होता.
मी दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले
आणि बाटली त्याच्या हातात दिली.